लेक सुपिरिअर: बोट नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पाण्यात ठेवावी का?

मिनेसोटाकर
नमस्कार मंडळी. बोट २३ फुटी, स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीत, पंखा मागच्या बाजूला बाहेर), ४.३ लिटरचं व्ही-६ पेट्रोल इंजिन. इंजिन थंड करायला सरोवराचंच पाणी खेचलं जातं, वेगळा रेडिएटर नाही. जागा विस्कॉन्सिनमधलं बेफील्ड, म्हणजे अपोस्टल बेटांच्या दारातच. मरीनात बोट वर काढायची तारीख ऑक्टोबरच्या मध्यावर आहे, पण महिनाभर मुदत वाढवून मिळते.

अंदाजात वारा १५ नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आत दिसला तर नोव्हेंबरात बेटांपर्यंत जाऊन यायला हरकत आहे का? आणि रात्री पारा उणे ५ पर्यंत उतरला तर पाण्यातल्या बोटीचं इंजिन फुटतं का?

उत्तरवारा
नुसता वाऱ्याचा आकडा बघून नोव्हेंबरात निघू नका. आकडा कुठला आहे आणि त्या दिवशी पाणी हवेपेक्षा किती गरम आहे, या दोन गोष्टी आधी बघा.

मे-जूनमध्ये पाणी ४-५ अंश आणि वरची हवा उबदार असते. थंड हवेचा थर पाण्याला चिकटून बसतो आणि वरचा जोरकस वारा त्याच्यावरून निघून जातो. नोव्हेंबरात नेमकं उलटं. पाण्यात उन्हाळ्याची ऊब उरलेली असते आणि कॅनडातून शून्याखालची हवा येते. खालची हवा तापून वर चढते, वरचा वारा खाली ओढला जातो. त्यामुळे किनाऱ्यावरच्या विमानतळाचा वारामापक १२ नॉट दाखवत असताना उघड्या पाण्यावर २५ नॉट असू शकतो. फोनमधल्या साध्या हवामान ॲपवर म्हणूनच विसंबू नका, ते जमिनीवरचा वारा सांगतं.

वाचायचा तो राष्ट्रीय हवामान सेवेच्या डुलुथ कार्यालयाचा सागरी अंदाज. त्यातही किनाऱ्यापासून ५ सागरी मैलांपर्यंतचा आणि खुल्या सरोवराचा, असे दोन वेगळे असतात. बाहेरच्या बेटांकडे जायचं तर दोन्ही वाचा. लहान बोटींसाठीचा इशारा साधारण २२ नॉटला किंवा ४ फुटांवरच्या लाटांना लागतो, ३४ नॉटला गेल म्हणजे सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा, ४८ ला स्टॉर्म म्हणजे वादळाचा. तुमच्या बोटीला पहिला इशारा लागला की विषय संपला.

प्रत्यक्ष वारा डेव्हिल्स आयलंडवरच्या स्वयंचलित केंद्रावर दिसतो. पश्चिम सरोवरातला ४५००६ क्रमांकाचा बोया, म्हणजे नांगरलेलं तरंगतं यंत्र, लाटा मोजतो, पण बर्फाच्या भीतीने असे बोये नोव्हेंबरच्या सुमारास उचलून नेतात. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी लाटांचा मोजलेला आकडा हाती नसतो आणि संगणकी मॉडेलच्या अंदाजावर भागवावं लागतं. वाट दाखवणारे कित्येक बोयेही याच काळात उचलतात किंवा हिवाळी खुणांनी बदलतात, तेव्हा जुन्या जीपीएस ट्रॅकवर डोळे मिटून चालू नका.

दर्यासारंग
लाटांबद्दल, कारण इथे समुद्राची सवय असलेले लोक फसतात. अंदाजात लिहिलेली उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. त्याच्या जवळपास दुप्पट लाट अधूनमधून येणारच. ४ फूट लिहिलं असेल तर ७-८ फुटांची एखादी गृहीत धरा.

उंचीइतकाच दोन लाटांमधला वेळ महत्त्वाचा. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये काढायची तर सेकंदांचा वर्ग गुणिले १.५६. अरबी समुद्रात १० सेकंदांची लाट १५६ मीटर लांब असते, बोट आरामात चढते-उतरते. इथल्या ४ सेकंदांच्या लाटेची लांबी जेमतेम २५ मीटर. तुमची ७ मीटरची बोट एका लाटेवरून उतरते न उतरते तोच नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पुढच्या लाटेत घुसते.

दिशाही बघा. ईशान्येचा वारा सर्वांत वाईट, कारण त्याला बाहेरच्या बेटांकडे येताना जवळजवळ सगळं सरोवर मोकळं मिळतं, आणि सुपिरिअरची एकूण लांबी सुमारे ५६० किलोमीटर आहे. थंड हवेची आघाडी सरकली की नैर्ऋत्येचा वारा बघता बघता वायव्येकडे फिरतो. सकाळी बेटाच्या ज्या बाजूला आडोसा घेऊन नांगर टाकला, तीच बाजू दुपारी वाऱ्याच्या तोंडी येते. निघण्याआधी दोन्ही वाऱ्यांसाठी आडोसा ठरवून ठेवा.

१० नोव्हेंबर १९७५ ला एडमंड फिट्झगेराल्ड याच सरोवरात २९ माणसांसह बुडालं. ते २२२ मीटरचं मालवाहू जहाज होतं.

आता तुषारांचा बर्फ. हवा उणे २ च्या खाली आणि वारा २० नॉटच्या वर गेला की उडालेलं पाणी बोटीवर गोठायला लागतं. गोडं पाणी शून्यालाच गोठतं, खाऱ्यासारखी उणे २ ची वाट बघत नाही. छत आणि रेलिंग मिळून १० चौरस मीटर धरलं तर २ सेंटीमीटर थराचं वजन सुमारे १८० किलो, तेही सगळं वरच्या बाजूला. बोट डोलून सरळ व्हायला वेळ लावू लागली की लगेच वेग कमी करा, वाऱ्याच्या आडोशाला जा आणि बर्फ लाकडी किंवा रबरी हातोड्याने फोडा.

पाना१०
इंजिनाबद्दल. पाण्यातल्या बोटीचा तळ पाण्याच्या उबेने शून्याच्या वर राहतो, पण ब्लॉक (इंजिनाचा मुख्य ओतीव भाग) आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारा भाग) पाण्याच्या पातळीच्या वर असतात. एखादी उणे १ ची रात्र निभावते. उणे ५ आणि सोबत वारा, अशा सलग आठ तासांत मॅनिफोल्डला चीर पडू शकते. घरगुती हीटर पेट्रोल इंजिनाच्या खणात कधीही लावू नका, पेट्रोलच्या वाफेचा स्फोट होऊ शकतो. ठिणगीरोधक प्रमाणित हीटर मिळतात, पण वादळात धक्क्यावरची वीज गेली की त्यांचाही उपयोग नाही. आणि बोट तरंगत असताना सरोवराचं पाणी आत खेचणारा पाइप सोडू नका, बोटीत पाणी भरेल.

म्हणून बोट वर काढून शाकारणं हाच उपाय. कोकणात पावसाळ्याआधी होड्या शाकारतात, तेच काम इथे हिवाळ्याआधी. आधी टाकीत पेट्रोल खराब न होऊ देणारं स्टॅबिलायझर घालून, ड्राइव्हला पाण्याचा पाइप जोडून इंजिन १०-१५ मिनिटं चालवा आणि गरम असतानाच तेल बदला. मग ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे, दोन्ही मॅनिफोल्डखालचे प्लग आणि पंपाचे पाइप उघडा. प्लग काढल्यावर पाणी आलं नाही तर ब्लॉक रिकामा आहे असं समजू नका. भोक गंज आणि वाळूने बुजलेलं असतं, जाड तार घालून मोकळं करा. सर्वांत जास्त ब्लॉक इथेच फुटतात.

सगळं पाणी गेल्यावर प्लग लावून थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार पाणी सोडणारी झडप) घरातून गुलाबी प्रॉपिलीन ग्लायकॉल, म्हणजे गोठण्यापासून वाचवणारा द्रव, ओता, १५ ते २० लिटर लागतं. नुसतं चालत्या इंजिनाला पाजलं तर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत ते ब्लॉकमध्ये जातच नाही. बाटलीवरचा उणे ५० फॅरनहाइटचा आकडा न मिसळलेल्या द्रवाचा आहे, आत पाणी उरलं असेल तर तो खूप वर सरकतो. खालच्या गिअरचं तेलही आत्ताच बदला. दुधी निघालं तर सीलमधून पाणी शिरलंय, तसंच ठेवलं तर केसिंग फुटेल. बॅटरी पूर्ण चार्ज करून काढा, उतरलेली बॅटरी उणे ७ च्या आसपास गोठते. बोट नाळेकडून उंच ठेवा, तळाचा प्लग काढून सुकाणूच्या चाकाला बांधा.

मिनेसोटाकर
मनापासून आभार. मग ऑक्टोबरच्या मध्यालाच काढतो. तोपर्यंतच्या दोन-तीन फेऱ्यांसाठी माणसांच्या अंगावर काय हवं?

दर्यासारंग
लाइफ जॅकेट अंगात, खणात नाही. थंड पाण्यासाठी १-१०-१ लक्षात ठेवा: श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातपाय नीट चालतात ती १० मिनिटं, शुद्ध हरपायला साधारण १ तास. म्हणजे परत चढायचं ते त्या दहा मिनिटांतच. शिडी पाण्यातून ओढून खाली घेता येते का, हे धक्क्याला असतानाच तपासा. बोटं आखडल्यावर कडी उघडत नाही. पाण्यात चालणारा हातातला व्हीएचएफ रेडिओ आणि संकटाचा संदेश उपग्रहाला पाठवणारा ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन जॅकेटला बांधा, बाहेरच्या बेटांपाशी मोबाइलचा भरवसा नाही. परतायची वेळ किनाऱ्यावरच्या कुणाला तरी लिहून द्या, आणि ती उलटली की कोस्टगार्डला कळवायचं हेही त्यांना सांगून ठेवा.