अनुभव धागा: डच डोक्यातलं इंग्रजी

लेक इथल्या डच शाळेत ख्रुप ७ ला, म्हणजे आपली पाचवी धरा. काल इंग्रजीच्या गृहपाठात घड्याळात अडीच वाजलेले, हिने लिहिलं 'हाफ थ्री'. डचमध्ये अडीचला 'हाल्फ द्री'च म्हणतात, तिनाच्या वाटेवर अर्धं. मला आमच्या आधीच्या शेजारच्या आजी आठवल्या. 'कॉफीला ये, हाफ थ्री.' मी ऐटीत साडेतीनला! आजी कोट घालून निघालेल्या, टेबलावर गार कॉफी, बशीत एक बिस्कीट.
टाका तुमचेही किस्से.

खारीबटर: एकच बिस्कीट ना, ते वेळेवर गेलीस तरी एकच 😂

सायकलवाली: आमचे शेजारी म्हणाले, 'आय कॅन बॉरो यू माय पंप.' मी म्हटलं अहो माझ्याकडे पंपच नाही. पाच मिनिटं दोघं दारात. उसनं देणं आणि घेणं, दोन्हीला त्यांच्याकडे 'लेनन'. शिकणं-शिकवणंही तसंच, म्हणून 'ही लर्न्स मी इंग्लिश'.

चोवीसतास: आकडे!! २४ म्हणजे डचमध्ये 'चार आणि वीस', थेट आपला चोवीस. मुलगा इंग्रजीत फॉर्टी-टू ऐकतो नि २४ लिहितो. आजोबा व्हिडिओ कॉलवर खूश, म्हणे मग मराठीतच पाढे घ्या की

पुणेरी_सून: नवरा डच. प्राथमिक शाळेत इंग्रजी १९८६ पासून सक्तीचं, पण तो म्हणतो खरं शिकलो टीव्हीवर. मोठ्यांच्या सिनेमांना डबिंग नाही, खाली डच पट्टी. तरी 'थ्री'चं 'ट्री' होतंच, आणि 'बॅड'चं 'बेट'. मी थालीपीठ म्हणायला लावलं (इंग्रजी थ वेगळा, माहितेय, शिकवू नका). तर 'तालीपीट'. खाल्ली मात्र चार.

खारीबटर: भाजणी कुठून आणतेस??

पुणेरी_सून: आई पाठवते. संपत आलीये

नवीन_अम्स्टेलव्हेन: विषय सोडून विचारते, सॉरी, कढीपत्ता कुठे चांगला मिळतो? मागच्या वेळचा काळा निघाला

सायकलवाली: कुंडीत लाव, पण हिवाळ्यात घरात घे. माझं एक गेलं तसंच

चोवीसतास: आजींचं पुढे काय झालं?

धागाकर्ती: पुढच्या वेळी दारातून चिठ्ठी सरकवली. शब्द एकही नाही, फक्त घड्याळ काढलेलं. लहान काटा दोन आणि तीनच्या मधे, मोठा सहावर. वर्षभर तशाच चिठ्ठ्या यायच्या. दोन अजून आहेत माझ्याकडे