‘द थिन रेड लाइन’: गवत दिसले, पण युद्ध दिसले का?

तिसरी घंटा

काल ‘कोरडा पंचनामा’ यांनी दिग्दर्शक टेरेन्स मॅलिकच्या ‘द थिन रेड लाइन’ या युद्धपटाविषयी चार ओळी लिहिल्या. त्यांतली एक अशी: “पावणेतीन तास वाऱ्यावर डोलणारे गवत पाहिले, मधूनमधून माणसे मेली, आणि जो तो प्रवचन करून गेला, ज्यांना हे थोर वाटते त्यांनी छातीवर हात ठेवून सांगावे की झोप लागली नव्हती.” उत्तर तिथेच द्यायला बसलो होतो, पण ते लांबत गेले, म्हणून हा वेगळा धागा.

छातीवर हात ठेवून सांगतो, झोप लागली नव्हती. आणि ज्या गवताची आपण थट्टा केली आहे, त्याविषयीच मला बोलायचे आहे. १९४२ साली प्रशांत महासागरातल्या ग्वाडलकॅनल बेटावर उतरलेल्या अमेरिकन कंपनीला एक टेकडी घ्यायची आहे. टेकडीभर कमरेइतके गवत, माथ्यावर कुठेतरी जपानी मशीनगन. ‘कुठेतरी’ एवढेच माहीत आहे, आणि पुढचे सगळे मरण त्या एका शब्दातून येते. पोटावर पडलेल्या शिपायाला शत्रू दिसत नाही, टेकडीचा माथा दिसत नाही, शेजारचा सोबतीही धड दिसत नाही. त्याला दिसते ते फक्त गवत. मग दिग्दर्शकाने दुसरे काय दाखवायला हवे होते?

एक प्रसंग आठवा. तरुण लेफ्टनंट हाताच्या खुणेने दोघांना पुढे जायला सांगतो. दोघे उठतात, थोडे चढतात, दोन गोळ्यांचे आवाज येतात आणि दोघेही गवतात नाहीसे होतात. किंकाळी नाही, रक्त नाही, वाद्यांचा गजरही नाही. क्षणभर काहीच घडत नाही, आणि मग ढग सरकतो व टेकडीवरून ऊन हळूहळू वर चढत जाते. युद्धपटांत मी शेकडो माणसे मरताना पाहिली असतील, पण ‘याचे कुणालाच काही नाही’ ही गोष्ट इतक्या कमी साधनांत सांगितलेली पाहिली नाही. त्याच चढाईत एक शिपाई पडल्या पडल्या बोटाने लाजाळूला स्पर्श करतो आणि पाने मिटतात. आपण सगळ्यांनी लहानपणी बांधावर हे केलेले आहे. हे प्रवचन असेल, तर एका शब्दाशिवाय केलेले आहे.

कोरडा पंचनामा

एवढा मोठा धागा माझ्या चार ओळींवर काढला, हा मी माझा सन्मान समजतो.

लाजाळू शब्दाविना आहे हे मान्य, पण उरलेल्या चित्रपटाचे काय? पडद्यामागून सतत कुणीतरी विचारत असते की निसर्गात हे युद्ध कशासाठी, हे पाप कुठून आले, सर्वांचा मिळून एकच मोठा आत्मा आहे काय. बोलणारा नेमका कोण आहे, हेही कळत नाही. पहिला आवाज पुष्कळ प्रेक्षक विट या प्रमुख शिपायाचा समजतात. तो प्रत्यक्षात ट्रेन नावाच्या दुय्यम शिपायाचा आहे. ‘सगळे आवाज एकच आहेत, हाच तर आशय’ असे आता कुणीतरी म्हणेल. म्हणू द्या. मला तो सरळ सरळ गोंधळ वाटतो.

दुसरे असे की हा चित्रपट ज्या कादंबरीवर आधारलेला आहे, ती लिहिणारे जेम्स जोन्स स्वतः पंचविसाव्या डिव्हिजनमधून त्या बेटावर लढले आणि जानेवारी १९४३ मध्ये तिथेच जखमी झाले. त्यांचे शिपाई घाबरतात, शिव्या देतात, एकमेकांचा मत्सर करतात. पडद्यावर मात्र हीच माणसे तत्त्वज्ञानाच्या तासाला बसल्यासारखी बोलतात. मॅलिक हार्वर्डला तत्त्वज्ञान शिकले आणि जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरचा अनुवाद त्यांच्या नावावर आहे. पण त्याची शिक्षा त्या शिपायांना कशासाठी? कादंबरीतला महत्त्वाचा शिपाई फाइफ पडद्यावर जवळजवळ दिसतच नाही. ती भूमिका करणारा एड्रियन ब्रॉडी आपण प्रमुख भूमिकेत आहोत असे समजून होता. आपला नायक कोण, हे ज्या दिग्दर्शकाला संकलनाच्या टेबलावर कळते, त्याच्या संथपणाला चिंतन म्हणावे की अनिश्चितता?

निवृत्त बिनतारी

मी सहसा चित्रपटांच्या चर्चेत पडत नाही, पण बावीस वर्षे गणवेशात काढली असल्यामुळे या चित्रपटाविषयी एक तक्रार आहे, आणि ती गवताची नाही. तक्रार त्या कंपनीचा कमांडर कॅप्टन स्टारोस याच्याविषयी आहे.

कर्नल टॉल फोनवर समोरून चढाईचा हुकूम देतो आणि स्टारोस तो साफ नाकारतो. अडीच वर्षे या माणसांबरोबर राहिलो, त्यांना मरायला पाठवणार नाही, असे म्हणतो. साक्षीदारही नोंदवून ठेवतो. प्रेक्षक लगेच त्याच्या बाजूने, कारण त्याचे डोळे पाणावलेले आणि कर्नलच्या मानेच्या शिरा फुगलेल्या. वरिष्ठ म्हटला की तो बढतीसाठी हपापलेला असणार, हे सिनेमावाल्यांनी ठरवूनच टाकलेले असते. कंपनी कमांडरला आपली टेकडी दिसते. तिच्या पलीकडे कोण कशाच्या भरवशावर बसले आहे, हे त्याला दिसत नाही. एका उंचावरच्या चौकीवर मला हिवाळ्यात तार हलवायचा हुकूम आला होता. मला तो शुद्ध मूर्खपणा वाटला, दोन माणसांची बोटे थंडीने गेली, आणि मी मनात अधिकाऱ्याला नको ते बोललो. चार दिवसांनी जुन्या जागेवर हिमकडा कोसळला. तेव्हापासून स्टारोसचे कौतुक करणाऱ्यांशी माझे जमत नाही.

रात्रपाळी

साहेब, आपला अनुभव आपल्यापाशी, पण चित्रपटात घडते ते पुन्हा पाहावे. माथ्यावरचा जपानी बंकर पडतो तो सगळी कंपनी समोरून झोकून देऊन पडत नाही. बेल नावाचा शिपाई रांगत वर जातो, मशीनगन कुठे आहेत हे पाहून येतो, आणि मग कॅप्टन गॅफ मूठभर स्वयंसेवक घेऊन ती जागा घेतो. म्हणजे ‘आंधळेपणाने वर पाठवू नका’ हे स्टारोसचे म्हणणे खरेच ठरले. त्याचे बक्षीस काय, तर कमांड काढून घेतली आणि बोभाटा नको म्हणून वर पदकाची शिफारस! असली बक्षिसे आम्हीही कचेरीत पाहिली आहेत. यंत्राचा दोष लेखी कळवणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला आधी शाल-श्रीफळ मिळाले आणि महिन्याभरात बदली.

निवृत्त बिनतारी

कचेरीतली बदली आणि रणांगण यांची तुलना आपण करत असाल, तर पुढे बोलणे कठीण आहे. त्या स्वयंसेवकांना वर जायला लागले ते कुणामुळे? कर्नल स्वतः टेकडीवर चढून आला म्हणून. तोवर आपला स्टारोस खाली पडून प्रार्थना करत होता. आणि कर्नल खलनायक नाही, हे दिग्दर्शकालाही कळले आहे: पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर हे माझे पहिले युद्ध आहे, असे तो गॅफला सांगतो, त्या क्षणी त्याचा चेहरा पाहावा. चित्रपट त्याला समजून घेतो. समजून घेत नाहीत ते चित्रपटाचे चाहते.

रात्रपाळी

कुणाचीही तुलना कुणाशी करायला गणवेशाची परवानगी लागते, हे ठाऊक नव्हते.

कर्नलला समजून घेतो म्हणता, तर पाण्याचेही समजून घ्या. माणसे तहानेने कोसळत आहेत, असे गॅफ त्याला सांगतो, आणि कर्नल म्हणतो की चढाई थांबणार नाही. ही कुठली मोठी दृष्टी?

माजघर

आपण दोघे टेकडीवरून खाली उतरणार असाल, तर मला मूळ प्रश्नावर थोडे लिहायचे आहे.

माझे आजोबा मराठा पलटणीत होते. १९४३च्या हिवाळ्यात ते इटलीत सांग्रो नदीच्या काठी होते. आम्ही मुले त्यांना लढाईचे विचारायचो. ते सांगायचे चिखलाचे, खेचरांचे आणि एका झाडाचे. ऑलिव्ह हे नाव त्यांना सांगता येत नसे. ‘करवंदाएवढ्या फळाचे तिकडचे झाड’ म्हणत. वारा आला की पानांची खालची बाजू वर येते आणि झाड एकदम पांढरे दिसते, हे ते उपडा तळहात उलटा करून दाखवत. गोळीबार चालू असताना तासन् तास तेच पाहत पडलो होतो, एवढेच. शत्रू कसा होता असे विचारले, तर दिसला नाही म्हणत. साताऱ्याच्या चौथी शिकलेल्या माणसाला हायडेगरची गरज पडली नव्हती. त्यामुळे शिपाई असा विचार करत नाहीत, हे पंचनाम्यांचे म्हणणे मला पटत नाही. ते बोलत नाहीत, इतकेच. मॅलिकने ते आवाज पडद्यामागे ठेवले. शिपायांच्या आपापसांतल्या संवादात घातले नाहीत, हे ध्यानात घ्यावे.

स्टारोसविषयी मला एवढेच वाटते की कादंबरीत तो स्टाइन आहे, ज्यू आहे, आणि आपल्या ज्यू असण्यामुळे आपल्याकडे संशयाने पाहिले जाते का, ही शंका त्याला छळते. चित्रपटाने त्याला ग्रीक करून ती सल काढून टाकली. यावर कुणी भांडले असते, तर मी त्यांच्या बाजूने उभी राहिले असते.

कोरडा पंचनामा

आजोबांच्या विरोधात वाद घालता येत नाही, ही जुनी आणि अचूक युक्ती आहे. मी माघार घेतो. आजोबांपुढे, मॅलिकपुढे नव्हे.

तरीही विचारतो: या चित्रपटाच्याच वर्षी, १९९८ साली, आलेल्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’च्या पहिल्या प्रसंगात समुद्रकिनाऱ्यावरचा शिपाईही गोंधळलेला आहे, त्यालाही काही दिसत नाही. तिथे मला धाप लागली. इथे मी घड्याळ पाहिले. दोष काय माझ्याच अंगी?

तिसरी घंटा

दोष नव्हे, पण फरक आहे. तिथे प्रत्येक क्षणी काहीतरी घडत असते आणि शेवटी एकाला वाचवायचे असते. इथे टेकडी घेतल्यावर वर काय सापडते? हाडे दिसणारे, थरथरणारे, कुणी प्रार्थनेला बसलेले जपानी शिपाई. त्या बेटावर जपानी सैन्य गोळीपेक्षा भुकेने आणि रोगाने जास्त मेले; त्यांनीच त्याला उपासमारीचे बेट म्हटले. ज्यांच्या भीतीने तासभर गवतात पडून राहिलो ते हे, हा धक्का बसायला तो तासभर लागतो. बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, पण ऑस्करची सात नामांकने मिळूनही एकही पुरस्कार मिळाला नाही. त्यामुळे आपल्या बाजूने माणसे कमी नाहीत, हेही मान्य करतो.

निवृत्त बिनतारी

पाण्याबाबत कर्नल चुकला. काल रात्री तेवढा भाग पुन्हा पाहिला. बाकी मत कायम आहे, आणि कचेरीच्या उदाहरणाबद्दलची नापसंतीही.

रात्रपाळी

तेवढे पुरे आहे, साहेब. स्टारोसने साक्षीदार नोंदवले ते मलाही जरा वकिली वाटले होते. आधी कबूल केले नाही.

कोरडा पंचनामा

सर्वांच्या आग्रहास्तव मीही पाहिला. पूर्ण नव्हे, त्या दोघा शिपायांचा प्रसंग. या वेळी पंखा बंद केला आणि आवाज वाढवला. पहिल्या वेळी मी ते ऊन पाहिलेच नव्हते, बहुधा त्याच सुमारास चहा ठेवायला उठलो असेन. ऊन मान्य. उरलेले अडीच तास आपले आपल्याला लखलाभ.