टॅक्ट टाइमला मराठीत काय म्हणाल?

चाकणकर: आमच्याकडे वायपर मोटरची नवीन असेंब्ली लाइन लागतीये, ऑपरेटर बहुतेक आयटीआयची मुलं-मुली, म्हणून वर्क इन्स्ट्रक्शन सगळ्या मराठीत करायच्यात. टॅक्ट टाइमवर, म्हणजे मागणी भागवायला दर किती वेळाने एक नग निघायला हवा त्या आकड्यावर, घोडं अडलंय. एकाने 'उत्पादन गती' लिहिलं ते मी खोडलं, गती म्हटलं की मशीन किती पळतं तेच डोक्यात येतं. शिफ्ट ४८० मिनिटं, जेवण ३०, चहा १०-१० चे दोन, उरले ४३० म्हणजे २५,८०० सेकंद, गिऱ्हाइकाला शिफ्टला ८६० नग हवेत, झाला टॅक्ट ३० सेकंद. मशीन १२ सेकंदात करत असलं तरी टॅक्ट ३०च, त्याहून जोरात पळवलं तर नुसता माल साठतो.

तबलेवाली: मूळ जर्मन शब्द आहे, संगीतातला ताल, ठोका. १९३० च्या दशकात तिकडच्या विमान कारखान्यांत ठरावीक वेळाने सगळी विमानं एकदम पुढच्या स्टेशनला सरकवायचे, तिथून जपानात गेला. मग सरळ 'ठेका' म्हणा की!

जुना फिटर: ताई, ठेका नको हो. कंपनीत ठेका म्हणजे काँट्रॅक्ट. बोर्डावर 'ठेका ३० सेकंद' वाचून ठेक्यावरची पोरं विचारतील, आमची नोकरी एवढीच का 😄 आणि 'लय' तर अजिबातच नको, आमच्या सांगलीकडं 'लय वेळ' म्हणजे भरपूर वेळ.

तबलेवाली: हाहा, बरं. 'नगामागे वेळ' कसं वाटतं?

चाकणकर: तिथे सायकल टाइमशी गल्लत होते ना. एका मोटरचं सगळं काम मिळून १९५ सेकंदांचं, भागिले ३० म्हणजे साडेसहा, म्हणून सात स्टेशन, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण २८ सेकंद. ते २८ म्हणजे सायकल, माणसाचं काम. ३० गिऱ्हाईक ठरवतो. दोन्हीला 'नगामागे वेळ' म्हटलं की सुपरवायजर लोक २८ लाच टॅक्ट समजून बसणार.

जुना फिटर: मग 'मागणीचा ताल' करा, कुणाची मागणी ते तरी कळेल. जाता जाता, पोका-योकेला, म्हणजे चूक होऊच न देणाऱ्या रचनेला, 'मूर्खरोधक' बिर्धक करू नका म्हणजे झालं. जपानात पण आधी बाका-योके म्हणायचे, बाका म्हणजे मूर्ख, कामगारांच्या मनाला लागायचं म्हणून तिकडचे इंजिनिअर शिगेओ शिंगो साहेबांनी पोका केलं, पोका म्हणजे नजरचूक. 'चूकरोधक' बरंय, नाहीतर आहे तसंच ठेवा, फिक्श्चरमध्ये, म्हणजे पार्ट धरणाऱ्या साच्यात, पार्ट उलटा बसतच नाही हे पोरांना दाखवलं की झालं, भाषांतर कशाला पाहिजे.

चाकणकर: पोका-योके तसंच ठेवतो. बोर्डावर 'टॅक्ट (मागणीचा ताल): दर ३० सेकंदाला १ नग' असं करतो, फक्त ३० चा आकडा खडूने लिहायचा. शेड्यूल शिफ्टला १,००० नगांवर गेलं की टॅक्ट २५.८ होतो आणि सात जणांत ते बसत नाही, आठवं स्टेशन लागतं, त्याची जागा लेआउटमध्ये आत्ताच सोडलीये.