घरी मराठी, शाळा स्पॅनिश-इंग्रजी: ९०:१० च्या वर्गात घालावं का?

अबोली_साउथबे
कॅलिफोर्नियात राहतो. मुलगी ऑगस्टमध्ये किंडरगार्टनला जाईल. स्कूल डिस्ट्रिक्टच्या स्पॅनिश-इंग्रजी ड्युअल लँग्वेज वर्गासाठी लॉटरीत नंबर लागलाय, ९०:१० वाला. उत्तर पुढच्या शुक्रवारपर्यंत द्यायचंय. घरी पूर्ण मराठी, प्रीस्कूलमुळे इंग्रजी बरं आहे. स्पॅनिश आम्हा दोघांनाही येत नाही.
१. इंग्रजी वाचन मागे पडेल का?
२. अभ्यास कसा घ्यायचा?
३. तीन भाषा जड जातील म्हणून मराठी कमी करावी का?
४. प्रवेशाच्या वेळी भरायच्या होम लँग्वेज सर्व्हेत (घरच्या भाषेचा फॉर्म) 'मराठी' लिहिलं तर काय होतं?

खडूफळा
आधी एकच ठरवा: पाचवीपर्यंत त्याच शाळेत राहणार का? दोन वर्षांत घर किंवा गाव बदलायचं असेल तर हा वर्ग घेऊ नका.

कारण या पद्धतीच्या मांडणीतच आहे. किंडरगार्टनला ९० टक्के स्पॅनिश, मग साधारण दरवर्षी १० टक्क्यांनी कमी होत चौथीला ५०:५०. वाचायला शिकवतात ते स्पॅनिशमध्ये. सुरुवातीचं १० टक्के इंग्रजी बहुतेक तोंडी असतं, पद्धतशीर इंग्रजी वाचन दुसरी-तिसरीत सुरू होतं. म्हणजे पहिलीनंतर काढलंत तर इंग्रजी वाचन वर्गाच्या मागे आणि स्पॅनिशही कच्चं. राज्याची परीक्षा तिसरीपासून असते, त्या वर्षी इंग्रजीचे गुण कमी दिसले तर घाबरून मूल काढू नका, बरेच जण नेमकं तेव्हाच काढतात. द्विभाषिक शिक्षणाचे संशोधक थॉमस आणि कॉलियर यांच्या अभ्यासांत ही तफावत प्राथमिक शाळा संपता संपता भरून निघताना दिसते, पण टिकून राहणाऱ्या मुलांची.

शाळेला विचारा:
- वर्गात घरी स्पॅनिश बोलणारी मुलं किती? निदान एक तृतीयांश हवीत. नाहीतर अख्ख्या वर्गात स्पॅनिश बोलणाऱ्या एकट्या बाई.
- पीई (शारीरिक शिक्षण), संगीत, लायब्ररी कोणत्या भाषेत? ते सगळं इंग्रजीत असेल तर कागदावरचे ९० प्रत्यक्षात बरेच खाली येतात.
- शिक्षकांकडे बायलिंग्वल ऑथरायझेशन (दोन भाषांत शिकवण्याची अधिकृत पात्रता) आहे का, आणि मधेच बाई सोडून गेल्या तर बदली कोण?
- मिडल स्कूलमध्ये पुढे काय? बऱ्याच ठिकाणी फक्त एक तास उरतो.

शिक्षकांचा प्रश्न उगाच काढलेला नाही. १९९८ च्या प्रपोझिशन २२७ ने (राज्याच्या मतदारांनी मंजूर केलेला कायदा) इथे द्विभाषिक वर्गांवर बंधनं आणली, ती २०१६ च्या प्रपोझिशन ५८ ने उठली. बरेच वर्ग त्यानंतरचे आहेत आणि पात्र शिक्षक मिळवणं शाळांना अजून जड जातं.

मा_मे_मी_मो_मू
प्रश्न २. स्पॅनिश वाचन अक्षरांच्या नावांवरून नाही, सीलाबांवरून शिकवतात: मा मे मी मो मू, मग पा पे पी पो पू. आपली बाराखडीच, त्यामुळे इंग्रजी घरांपेक्षा मराठी घराला हे सोपं.

पालकांनी एवढं पाठ करावं:
- स्वर पाचच, आणि ते कधी बदलत नाहीत. 'ई' (e) लिहिलं की आवाज ए, 'आय' (i) लिहिलं की ई. घरी घोटाळा होतो तो इथेच. इंग्रजी सवयीने आपण 'मेसा'चं 'मीसा' करतो आणि पोरगी तेच उचलते.
- 'टी', 'डी' म्हणजे त, द. ट, ड नाही. 'पी' आणि 'के'च्या आवाजात हवा सोडायची नाही, आपल्या प, क सारखंच.
- 'एच' मुका. 'जे'चा आवाज घशातला ह. 'व्ही' आणि 'बी' दोन्ही ब. 'झेड' म्हणजे स (मेक्सिको आणि लॅटिन अमेरिकेत). दोन 'एल' म्हणजे य. डोक्यावर नागमोडी रेघ असलेला 'एन' म्हणजे न्य.

रोज १५ मिनिटं पुरे. ५ मिनिटं सीलाबा, बाकी वेळ ऑडिओसकट पुस्तक, मुलीचं बोट ओळीवर. लायब्ररीच्या लिबी अ‍ॅपमध्ये भाषा स्पॅनिश निवडली की मुलांची ऑडिओ पुस्तकं फुकट मिळतात. ब-व, स-झेड यांच्या स्पेलिंग चुका खोडत बसू नका, मेक्सिकन घरातली मुलंही त्याच करतात.

आणि अर्थ मराठीत विचारा. "गोष्टीत काय झालं?" याचं उत्तर मराठीत आलं तरी वाचन झालेलंच असतं.

रेवा_ऑस्टिन
प्रश्न ३: मराठी अजिबात कमी करू नका. शाळेला मदत म्हणून घरी मोडकं स्पॅनिश बोलणं तर नकोच. मुलीला मिळायला हवी ती कोणत्या का भाषेत होईना, भरपूर, बारकाव्यांसह बोलणारी माणसं. ती तुम्ही मराठीतच आहात.

इंग्रजीची काळजी करायची गरज नाही, ते आजूबाजूने येतंच. गळते ती स्पॅनिश. तिसरीच्या सुमारास मुलं मधल्या सुट्टीत आपापसात इंग्रजीवर जातात, मग समजतं सगळं पण बोलत नाहीत. त्याला उपाय एकच: मुलीला इंग्रजीत उत्तर न देणारं माणूस. आठवड्यातून २ दुपारी, ३-३ तास स्पॅनिश बोलणारी बेबीसिटर ठेवा, आणि पहिल्याच दिवसापासून इंग्रजी बंद असं तिला सांगा. एखाद्या माणसाशी एक भाषा ठरून गेली की नंतर बदलणं फार कठीण. उन्हाळ्याच्या १० आठवड्यांत निदान ३ आठवडे स्पॅनिश कँप बघा. कार्टून हा शेवटचा पर्याय, आणि तेही मुलीला एकटीला बसवून नाही.

फॉर्मभरू
प्रश्न ४. खरं लिहा. कॅलिफोर्नियाच्या सर्व्हेत चार प्रश्न असतात: मूल बोलायला कोणत्या भाषेत शिकलं, घरी जास्त कोणती वापरतं, पालक त्याच्याशी कोणती बोलतात, घरातली मोठी माणसं कोणती बोलतात. पहिल्या तीनपैकी कुठेही इंग्रजीशिवाय दुसरी भाषा आली की प्रवेशापासून ३० दिवसांत इनिशियल एलपॅक (इंग्रजी किती येतं याची राज्याची पहिली परीक्षा) होते. चांगली गेली तर विषय मिटला. नाहीतर 'इंग्लिश लर्नर' नोंद होते, रोज इंग्रजीचं वेगळं शिकवणं मिळतं आणि दर वसंतात पुन्हा परीक्षा. नोंद निघायला एलपॅकमध्ये एकूण पातळी ४, शिक्षकांचं मत, पालकांशी चर्चा आणि वाचनाची पातळी, चारही लागतात. परीक्षा झाल्यावर सर्व्हे बदलून नोंद पुसली जात नाही. लॉटरीत मराठी घराचं मूल भाषेच्या कोणत्या गटात धरलंय तेही ऑफिसात विचारून घ्या, डिस्ट्रिक्टप्रमाणे बदलतं.

अबोली_साउथबे
खूप धन्यवाद. वर्गात पहिले महिने ती गप्पच राहिली तर? शाळेतून बोलावणं आलं तर काय सांगू?

वाचाशास्त्री
नवी भाषा ऐकत गप्प बसणं काही आठवडे ते काही महिने चालतं. तेवढ्यात खुणा समजतात का, सांगितलेलं करते का, घरी मराठीत नेहमीसारखी बडबडते का, एवढं बघा. तिन्ही होत असेल तर थांबा. घरीही बोलणं कमी झालं, किंवा मराठीतही वाक्यं तुटक असतील, तर डिस्ट्रिक्टकडे तपासणीची मागणी लेखी करा, तोंडी नको, आणि अर्जात मराठीतही तपासणी व्हावी असं स्पष्ट लिहा. विशेष शिक्षणाच्या आयडीईए कायद्यात, शक्य असेल तिथे, मुलाच्या भाषेत तपासणी करणं अपेक्षित आहे. मराठी येणारा स्पीच थेरपिस्ट नसेल तर दुभाषा मागा. नुसत्या इंग्रजी चाचणीवरून 'भाषेच्या विकासात उशीर आहे' असा निष्कर्ष काढला तर तो मान्य करू नका.