मदत हवी आहे: टेकडीवर जायची वाट संत्र्याच्या बगिच्यातून, मालक नाही म्हणतात

मंडळी, काटोल-नरखेड पट्ट्यातल्या एका गावाची गोष्ट आहे. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर उद्याच तिथे गर्दी व्हायची.

गावामागच्या टेकडीच्या माथ्यावर महादेवाची पिंड आहे. चढ सगळा झुडपी जंगलातून, म्हणजे सरकारी. पण पायथ्यापर्यंतची वाट एका काकांच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून जाते. वावरात कपाशी-तूर होती तोवर कोणाचंच काही म्हणणं नव्हतं. आता तिथे संत्रा आहे, चारही बाजूंनी तारा, आणि रोही (नीलगाय) नि रानडुकरांसाठी तारांत विजेचा झटका सोडणारं मशीन. महाशिवरात्रीला काका गावासाठी फाटक उघडतात. आम्हा नागपूरच्या मंडळींना डिसेंबरात माथ्यावरून सूर्योदय पाहायचा आहे, त्याला मात्र साफ नकार.

तेही चहा पाजून. "आज तुमी पाच-सात आले, उद्या मोबाईलात पाहून शंभर येतीन. मंग कोनी म्हनन, हा तं रस्ताच हाये."

दुसरी वाट नाल्याकडून आहे, पण लांबचा फेरा, आणि रायमुनिया (घाणेरीची झुडपं) इतकी माजलीय की कोयत्याशिवाय पाऊल पडत नाही. ग्रुपमधला एक जण म्हणतो, तहसीलदाराकडे कलम १४३ खाली अर्ज टाकू. मला काकांशी वैर नको. काय करावं?

धुरेकरी:
१४३ विसरा. महसूल संहितेतलं ते कलम शेतकऱ्याला स्वतःच्या वावरात जायला दुसऱ्याच्या धुऱ्यावरून वाट मिळावी म्हणून आहे. फिरायला जाणाऱ्यांसाठी नाही.
गावकऱ्यांची गोष्ट वेगळी. आपल्या विदर्भात खासगी जमिनीतून चालत आलेल्या वाटेची रूढी वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावच्या रूढींच्या सरकारी नोंदीत लिहितात, त्याच संहितेचं कलम १६५. पिंडीची वाट त्यात असेल तर तो गावाचा हक्क. तुमचा नाही, आणि तो विषय तुम्ही काढूही नका.
काकांची भीती मात्र खरी आहे, आणि तिला उत्तर आहे. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात (कलम १५) वहिवाटीचा हक्क लागायला वीस वर्षं अखंड, आणि हक्क म्हणून वापर लागतो. मालकाची परवानगी मागून गेलात तर तो वापर त्यात धरतच नाहीत. तेव्हा तुम्हीच चिठ्ठी लिहून द्या: अमुक तारखेला, तुमच्या परवानगीने, एवढे जण गेलो, वाटेवर आमचा कसलाही हक्क नाही. कागद काकांकडे राहू द्या.

बगीचावाला:
कायदा राहू द्या बाजूला. सूर्योदय म्हणजे पहाटे चारला फाटकाशी. रात्रभर झटका चालू असतो, तो बंद करायला काकांनी थंडीत उठायचं, तुम्ही उतरेपर्यंत जागत बसायचं, आणि तेवढ्यात डुकरं शिरली की नुकसान त्यांचं. डिसेंबरात मृग बहाराची फळं झाडावर असतात. मीही नाहीच म्हटलं असतं. सकाळी आठनंतर जा, ते बगिच्यात असताना. सूर्यास्ताचाही हट्ट नको. आणि पोट्ट्यांना आधीच सांगा, झाडाला हात लावायचा नाही. संत्री खायची असतील तर त्यांच्याकडूनच विकत घ्या.

भटक्या_वर्धा:
झुडपी म्हणजे मोकळं रान असं समजू नका. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने झुडपी जंगल हे वनच, असा निकाल दिलाय. वनरक्षकाला आधी विचारून ठेवा, वर चूल पेटवू नका. आणि जाऊन आल्यावर लोकेशन टाकू नका, काकांच्या शंभर माणसांची सुरुवात तिथूनच होते.

मूळ प्रश्नकर्ता:
सूर्योदय सोडला, आठनंतरच जाऊ. लोकेशन कोणीच टाकणार नाही, हेही चिठ्ठीत लिहितो. स्टॅम्प पेपर लागेल का?

धुरेकरी:
साधा कागद, सगळ्यांच्या सह्या. स्टॅम्प पाहिला तर काका आणखी बिचकतील.