हारतुऱ्यांपलीकडचं

अण्णा, "उद्योजकांच्या संघटना म्हणजे नुसते हारतुरे आन् जेवणावळी" हे तुमचं म्हणणं अर्धंच पटलं. आमच्या मेव्हण्याचं छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज एमआयडीसीत, पार्ट दाबून घडवणाऱ्या चार प्रेस मशीनचं वर्कशॉप आहे. पूर्वी पार्ट तपासायचा म्हणजे नमुना फडक्यात गुंडाळून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुणं गाठायचा, दोन दिवस बुडायचे. आता मराठवाडा ऑटो क्लस्टरमध्ये, म्हणजे इथल्या उद्योजकांनी मिळून उभारलेल्या सामाईक केंद्रात, काम भागतं; असली मशीन एकट्याला कुठून परवडणार? २०१० मध्ये इथल्या लोकांनी दीडशेच्या आसपास मर्सिडीज एकगठ्ठा घेतल्या, गणित तेच: एकट्याला जमत नाही ते मिळून जमतं. (फोटो मात्र त्याचेच छापून आले!)

माझी तक्रार वेगळीय. जायकवाडी तासाभरावर, तरी कामगारांच्या खोल्यांसमोर उन्हाळ्यात ड्रमच्या रांगा. धरण उशाला, कोरड घशाला! मेव्हणा संघटनेच्या ज्या बैठकीला गेला तिथं वीजदरावर दोन तास गेले, पाण्याचा विषय चहाबरोबर संपला.