टेक्सासची ऑसेलॉट वाचवायची तर आधी रान की आधी पिल्लं?

बाभूळबन
सहा वर्षं टेक्सासच्या दक्षिण टोकाला राहतेय. लगूना अटास्कोसा अभयारण्य इथून जवळ आहे. तिथे ऑसेलॉट आहेत, म्हणजे अंगावर साखळीसारखे लांबट ठिपके असलेली, ८ ते १५ किलोंची रानमांजरं. अख्ख्या अमेरिकेत जेमतेम १०० असतील. तीही दोनच ठिकाणी, या अभयारण्यात आणि जरा उत्तरेला खासगी रँचवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या कुरणांवर.

२०२४ मध्ये केंद्राचं वन्यजीव खातं आणि ईस्ट फाउंडेशन ही रँच सांभाळणारी संस्था यांच्यात करार झाला. बंदिस्त जागेत जन्मलेली ऑसेलॉट सॅन अंतोनियो व्हिएहो नावाच्या सुमारे दीड लाख एकरांच्या रँचवर सोडायची. बहुतेकांना आनंद झालाय, मला मात्र हा क्रम उलटा वाटतो.

इथे ऑसेलॉट मरतात ती मुख्यतः गाड्यांखाली. हायवे १०० च्या मधोमध काँक्रीटचा कठडा होता. रात्री निघालेलं मांजर कठड्याशी थबकायचं, मागे वळायचं आणि चाकाखाली यायचं. बरीच वर्षं गेल्यावर खालून भुयारी मार्ग काढले, कडेने कुंपण घातलं. त्यातल्या एका मार्गाच्या तोंडाशी मी उभी राहिलेय. आत गारवा होता, ओल्या मातीवर रॅकूनचे पंजे उमटले होते. जरा पुढे गेलं की नांगरलेलं शेत! इथल्या रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त काटेरी रान असंच गेलं. ऑसेलॉटला लागते ती माणूस शिरू शकणार नाही इतकी दाट जाळी, नुसती मोकळी जमीन नव्हे. पैसा आधी तिथे जायला हवा.

गुरांचा डॉक्टर, अकोला
ताई, रस्त्यांचं पटलं. पण आधी आणि नंतर अशी वाटणी करायला वेळ कुठे आहे? ऑसेलॉटची मादी जवळपास ८० दिवस गाभण राहते आणि बहुतेक वेळा एकच पिल्लू देते. संख्या आपोआप वाढेल ही आशा धरण्यासारखी नाही. शिवाय अभयारण्यातली मांजरं आपसातच जुळतात, त्यांची जनुकीय विविधता रँचवरच्यांपेक्षाही कमी झालीय. फ्लोरिडाच्या पँथरचं, म्हणजे तिथल्या प्यूमाचं, हेच झालं होतं. शेपटीला गाठ, हृदयात दोष, नरांचे वृषण खाली न उतरणं. १९९५ मध्ये टेक्सासमधून ८ माद्या नेऊन सोडल्या, तेव्हा कुठे ती जात सावरली.

ऑसेलॉटमध्ये आता रानातल्या नराचं वीर्य गोठवून प्राणिसंग्रहालयातल्या मादीला देण्यावर काम चालू आहे. मी रोज गाईम्हशींना कृत्रिम रेतन करतो, म्हणून सांगतो, मांजराचं काम फार नाजूक. मांजर समागमाशिवाय सहसा अंडं सोडत नाही, त्यामुळे हॉर्मोन टोचून ते घडवावं लागतं. मग दुर्बिणीने थेट अंडनलिकेत वीर्य सोडतात, म्हणजे थोडे शुक्राणूही पुरतात. नर पकडून हलवायचा नाही आणि त्याचं रक्त मात्र पुढे जातं. हे सोडून द्यावं असं मला वाटत नाही.

सह्याद्रीचा_पाईक
दक्षिण अमेरिकेत ही जात भरपूर आहे. जागतिक यादीत ती 'कमी चिंतेची' आहे. मग टेक्सासच्या शंभरांसाठी एवढा खर्च कशाला?

बाभूळबन
@पाईक, दक्षिणेत भरपूर आहेत म्हणून इथली जाऊ द्यायची? उद्या भीमाशंकरचं शेकरू संपलं आणि कोणी म्हणालं केरळात आहे की, तर तुम्ही ऐकून घ्याल? या प्रश्नावर मी आणि डॉक्टर एकाच बाजूला आहोत.

ऊसवाला, जुन्नर
आमच्याकडे ऊसतोडीत वाघाटीची, म्हणजे छोट्या रानमांजराची, पिल्लं सापडतात, मुठीत मावतील एवढी. वनखात्याची माणसं ती पेटीत घालून सापडली तिथेच ठेवतात आणि आम्ही लांब सरतो. रात्री आई येते, मानेला धरून एकेक नेते. हे मी स्वतः पाहिलंय, म्हणून विचारतो. बंदिस्त जागेत वाढलेल्या पिल्लाला शिकार कोण शिकवणार? माणसाला भ्यायचं कोण शिकवणार? मला हे सोडणं म्हणजे पिल्लाला मरायला सोडणं वाटतं.

गुरांचा डॉक्टर, अकोला
दादा, शंका रास्त आहे. पण स्पेन-पोर्तुगालचा लिंक्स हा रानमांजराचाच प्रकार बघा. २००२ च्या सुमारास शंभराच्या आत होता, आज २००० च्या वर आहे. त्यात बंदिस्त जागेत जन्मून सोडलेल्यांचा मोठा वाटा आहे. पिल्लं आईपाशीच वाढवली, जिवंत ससे धरायला लावले, माणूस नजरेला पडू दिला नाही.

आणि ताई, एक गोष्ट तुमच्या लेखात नाही. तुमच्याकडची दोन्ही ठिकाणं समुद्रकिनाऱ्याला लागून आहेत. एक मोठं चक्रीवादळ आलं तर? नवा रँच आत, किनाऱ्यापासून लांब आहे.

बाभूळबन
वादळाचा मुद्दा मी धरला नव्हता, तो मान्य. तेवढ्यासाठी तिसरं ठिकाण हवंच. टेक्सासची जवळजवळ सगळी जमीन खासगी मालकीची आहे, त्यामुळे शेजारच्या रँचवाल्यांवर कायद्याचा बोजा पडणार नाही अशी हमी करारात दिली, तेही शहाणपणाचं.

पण डॉक्टर, लिंक्सची निम्मीच गोष्ट सांगितलीत. तिथे ससे परत आणले, जमीनमालकांशी करार केले, आणि एवढं करूनही लिंक्स रस्त्यावर मरतातच. आपल्या पेंचमध्ये ४४ नंबरच्या महामार्गाखालून वाट ठेवली तेव्हा वाघसुद्धा तिथून जाताना कॅमेऱ्यात दिसले. वाट दिली तर जनावर वापरतं. सॅन अंतोनियो व्हिएहोच्या भोवतालच्या रस्त्यांवर पहिलं पिल्लू सुटायच्या आधी ती वाट हवी. रान नव्याने लावायला घेतलं तर जाळी दाट व्हायला कित्येक वर्षं लागतात, म्हणून झुडपं आजच लावायला हवीत.

ऊसवाला, जुन्नर
ताई, लिंक्सला ससा, तसं तुमच्या या मांजराला तिथे काय मिळतं? ते आधी पाहिलंय का कोणी?

बाभूळबन
दादा, उंदीर, ससे, पक्षी, सरडे. हे सगळं त्या काटेरी जाळीतच राहतं.